सुकाणूची फट

रिकामं बसणं मला कधीच जमलं नाही. आई म्हणायची, ही पोर झोपेतही पाय हलवते. उत्तनला बापाच्या घरी हे खपून जायचं, कारण कोळ्याच्या घरात हाताला काम नाही असा दिवस उगवतच नाही. मासळी सुकवा, फाटलेलं जाळं सांधा, वाळत घातलेल्या बोंबलांवरचे कावळे हाका. लग्न होऊन भाईंदरला आले आणि पंचाईत झाली. नवरा आमच्याच जातीतला, पण होडीत पाय ठेवला की ओकणारा. त्याच्या बापाने मिठागरावर मुकादमी केली, आणि हा मुंबईत विमानं दुरुस्त करायच्या कारखान्यात फिटर झाला. दर्याला घाबरणारा कोळी म्हणून आमच्या उत्तनला त्याची इतकी थट्टा झाली, की लग्नात मलाच लाज वाटली.

तोंडावर मी त्याला ‘अवो’ म्हणायचे. इथे लिहिताना ‘तो’च म्हणते. इतक्या वर्षांनी तेवढा अधिकार मला आहे.

दुसरी मोठी लढाई संपली आणि कारखान्याने माणसं कमी केली, त्यात त्याचं नाव लागलं. लग्नाला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. दुसरा कुणी असता तर डोक्याला हात लावून बसला असता, नाही तर बायकोवर डाफरला असता. हा ओट्यावर मांडी घालून विमानं करायला बसला. खेळण्यातली नव्हेत हं. बांबूच्या कामट्या, सावरीचं हलकं लाकूड आणि पतंगाचा कागद, एवढ्यावर केलेली हातभर, दोन हात पंखांची विमानं. इंजिन नाही. लांब दोरीला बांधून पतंगासारखी ओढत वर चढवायची आणि वर गेल्यावर दोरी सोडून द्यायची, की आपली आपण तरंगत खाली येतात. आमच्या मागच्या मिठागरांच्या बांधांवरून तो ती उडवायचा आणि चिखल तुडवत परत घेऊन यायचा. मी म्हणायचे, “अवो, कामाचं बघा की कायतरी.” तो म्हणायचा, “बघतोय ना.” आणि कामटी तासायला लागायचा. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

मग त्या थंडीत दोन गोष्टी एकदम आल्या. एक, त्याच्या मामाने तिकडे आखातात, बसऱ्याच्या बाजूला तेलाच्या कारखान्यात त्याच्यासाठी जागा धरली. करार तीन वर्षांचा, मधे घरी यायचं नाही, आणि जायचं बोटीने. शिमग्याच्या आत हो की नाही ते माणसं पाठवणाऱ्या एजंटला कळवायचं होतं. दुसरी, त्याच्या जुन्या कारखान्यातल्या एका साहेबाचं पत्र आलं. साहेब आता मुंबईत कॉलेजच्या मुलांना विमानविद्या शिकवायच्या एका वर्गाचा प्रमुख झाला होता, आणि त्याला मुलांकडून अशी नमुन्याची विमानं करून घेणारा मिस्त्री हवा होता. पत्रात लिहिलं होतं, ‘तू करतोस असं कानावर आलं. एका रविवारी येऊन बघतो. दोरी सुटल्यावर आपोआप गोल फिरणारं एक तयार ठेव.’

म्हणजे असं होतं. ते विमान साहेबासमोर गोल फिरलं तर नवरा रोज संध्याकाळी घरी. नाही फिरलं तर तीन वर्षं बसरा. त्याने हे शांतपणे मला समजावून सांगितलं आणि परत कामटी उचलली. मी त्या दिवशी तिन्हीसांजेपर्यंत अंगण तीनदा झाडलं.

गोल फिरणं म्हणजे काय, तेही सांगते. विमानाच्या शेपटीवर उभं सुकाणू असतं, होडीला असतं तसंच. दोरीने ओढताना ते सरळ राहायला हवं, नाहीतर विमान भेलकांडतं. म्हणून दोरीच्या ताणानेच एक धागा ते सरळ धरून ठेवतो. दोरी सुटली की धागा ढिला पडतो, आणि सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी सुकाणूला डावीकडे खेचते. मग विमान घारीसारखं घिरट्या घेत आपल्याच डोक्यावर राहतं. सुकाणू वळलं नाही तर ते नाकासमोर जातं ते जातंच, खाडीपर्यंत.

आता सुकाणू वळायचं तर त्याला बिजागरी हवी, आणि बिजागरी आली की फट आली. तांदळाचा दाणा अडकेल एवढी. ही फट त्याच्या डोळ्यांत सलायची. मला म्हणाला, “इकडून वारा तिकडं निसटतो, मग सुकाणूत जोर राहत न्हाय.” मी म्हटलं, एवढ्याशा फटीतून काय निसटणार? तेव्हा त्याने मला फटीच्या एका बाजूला गाल धरायला लावला आणि दुसऱ्या बाजूने तोंडाने फुंकर मारली. गालावर वाऱ्याची सुरी फिरल्यासारखी रेघ उमटली. मी दचकले, तो हसला. सासू वारल्यापासून घरात आम्ही दोघंच होतो, म्हणून असले खेळ चालायचे. तो दुपारचा उजेड आणि त्याचं ते हसणं मला अजून आठवतं, आणि चांगलं वाटतं.

फटीवर पट्टी लावायचं काम त्याने मला दिलं. त्याची बोटं जाड, माझी जाळं विणून विणून बारीक कामाला सरावलेली. पट्टी म्हणजे डॉक्टर जखमेवर लावतात ती कापडी चिकटपट्टी. ती कात्रीने करंगळीच्या निम्म्या रुंदीची कापली. मी फट बघितली आणि बापाच्या मचव्याच्या, मासेमारीच्या होडीच्या, फटी बुजवतात तशी सुकाणू सरळ ठेवून पट्टी ताणून चिकटवली, अगदी सुबक. त्याने सुकाणू वळवून दाखवलं. वळेचना. पट्टीने ते धरून ठेवलं होतं.

“मचव्याची फट न्हाय ही,” तो म्हणाला. “मचव्याची फळी हलता कामा न्हाय. हे हललं पाहिजे.”

मग त्याने रीत शिकवली. आधी सुकाणू जितकं वळायचं तितकं पुरतं डावीकडे वळवायचं, तसंच बोटाने दाबून धरायचं, आणि मग उजव्या बाजूने पट्टी फटीत थोडी आत दाबत लावायची. म्हणजे सरळ केल्यावर पट्टीला आत एक चुणी पडते, आणि वळताना ती चुणी उलगडते. फट बंदही राहते आणि सुकाणू मोकळंही. एवढीशी युक्ती, पण मला ती इतकी आवडली की मी तीनदा पट्टी काढून तीनदा लावली. तो म्हणाला, “बास आता, चिकटपणा जाईल.”

शेवटी पट्टीच्या कडांवरून त्याने डोपचा एकच पातळ हात दिला. डोप म्हणजे विमानाच्या कापडावर लावतात ते रोगण. त्याच्या कारखान्यातली एक अर्धी बाटली घरात होती, तिला पिकल्या केळ्यांचा वास यायचा. ते सुकलं की कागद असो, कापड असो, ढोलाच्या कातड्यासारखं ताणलं जातं. शनिवारी दुपारी त्याने सुकाणू बोटाने वीस वेळा हलवलं. वीसच्या वीस वेळा रबराने ते टिक करून डावीकडे नेलं. मग त्याने विमानाच्या नाकाला एक लाल दोरा बांधला.

इथेच माझं चुकलं, म्हणजे अर्धं इथे. त्यांच्या कारखान्यात तपासून झालेल्या कामाला लाल दोरा बांधायचे, आणि दोरा बांधला की कुणी बोट लावायचं नाही, अशी शिस्त होती. त्याने ती मला कधी सांगितली नाही, कारण त्याच्या दृष्टीने ते सांगायची गरजच नव्हती. आणि मी विचारलं नाही, कारण माझ्या बापाच्या मचव्यालाही दर्यावर जायच्या आधी नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, लाल दोरा बांधतात. मी आपली समजले, नजर लागू नये म्हणून बांधला. मनातून बरंही वाटलं, की हा यंत्रातला माणूस आपली रीत विसरला नाही.

आमच्या घरी दोऱ्यानंतर आणखी एक गोष्ट व्हायची. मचव्याच्या फटींत कापूस आणि राळ ठोकून सुतार गेला, की दर्यावर जायच्या दिवशी सकाळी घरातली बाई त्या सगळ्या फटींवरून तेलाचा एक हात स्वतः फिरवायची. आधी आजी, मग आई, आणि लग्नाआधी दोन वर्षं मी. बाप म्हणायचा, सुतार मजुरी घेऊन घरी झोपतो, मचव्यातून आपली माणसं जातात. त्या शेवटच्या हाताशिवाय मचवा पाण्यात ढकललेला मी पाहिला नाही.

रविवार उजाडला. नवरा धुतलेला सदरा घालून साहेबाला आणायला स्टेशनवर गेला. जाताना म्हणाला, “चहा ठेव, नि जरा बसून राहा.” चहाचं आधण मी तो फाटकाबाहेर पडायच्या आतच ठेवलं. मग बसले. उठले. विमान ओट्यावर उलट्या पाटावर ठेवलेलं, त्याच्याभोवती एक फेरी मारली. माघाचं दंव रात्रभर पडलं होतं, खाडीकडची खारी हवा होती. आणि मला दिसलं, पट्टीची एक कड केसभर उचलली गेली आहे.

बोटाने दाबली. बसली. हात काढला, परत उचलली.

साहेब येणार, ही पट्टी वर सुटली तर? तीन वर्षं. बसरा. होडीत ओकणारा माणूस आठवडाभर बोटीत. मी रस्त्यापर्यंत जाऊन बघून आले, कुणी दिसत नव्हतं. परत आले, कड दाबली, परत उचलली. मग मी फळीवरची डोपची बाटली काढली, ब्रश घेतला आणि त्या कडेवरून फिरवला. कड बसली. तेवढ्यावर थांबले असते तर कदाचित काहीच झालं नसतं. पण हातात ब्रश होता, पुढ्यात फट होती, दर्यावर जायची सकाळ होती. मी वरपासून खालपर्यंत फिरवला. मग दुसऱ्या बाजूने फिरवला. ब्रश फटीत चांगला दाबला, आई शिकवायची तसा, एकही जागा कोरडी राहू नये म्हणून. ओलं होतं म्हणून सुकाणू हलवून बघितलं नाही. विमान उन्हाकडे फिरवून ठेवलं आणि हात पदराला पुसले. मला फार शांत वाटलं. सगळ्या सकाळीत तेवढंच.

साहेब कोट घातलेला, पन्नाशीचा, कमी बोलणारा होता. चहा उभ्यानेच घेतला, विमान हातात घेऊन पंखांकडे बघितलं, मान हलवली. नवरा सुकाणू तपासायला हात पुढे करतच होता, तेवढ्यात साहेब म्हणाला, “वारा पडलाय तोवर चला.” नवऱ्याची नजर नाकावरच्या लाल दोऱ्यावर गेली आणि त्याने हात मागे घेतला. स्वतःच बांधलेला दोरा होता तो. त्यावर विश्वास ठेवला नाही तर कशावर ठेवायचा?

मिठागराच्या मोठ्या बांधावर मी विमान डोक्यावर धरून उभी राहिले, तो दोरीचं टोक घेऊन लांब गेला आणि हात वर करून धावला. माझ्या हातातून विमान सुटलं आणि सरसर चढलं, सरळ, एवढंसुद्धा न डगमगता. अगदी डोक्यावर आल्यावर दोरी सुटली. साहेब मान वर करून बघत होता. मी मनात म्हणत होते, वळ. वळ. वळ ग बाई.

ते वळलं नाही. पांढरं विमान निळ्या आभाळातून, रेघ मारावी तसं, पहिला बांध ओलांडून गेलं, दुसरा ओलांडून गेलं, मिठाच्या राशींवरून गेलं आणि पार खाडीकडच्या तिवरांच्या झाडीच्या अलीकडे चिखलात उतरलं. इतकं सुंदर गेलं की रडू यावं.

साहेब म्हणाला, “सुकाणू अडकलं. शेवटचा हात कोणी लावला?”

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. माझ्या बोटांवर डोप सुकून पांढरे चकचकीत पापुद्रे झाले होते. मी मूठ मिटली, पण त्याने पाहिलं होतं. मला वाटलं आता हा मला इथेच, परक्या माणसासमोर... आणि त्याने ते केलं असतं तर ते बरोबरच होतं.

तो म्हणाला, “मीच लावला, साहेब. सकाळी डोप दिलं. परत तपासायला हवं होतं, न्हाय तपासलं.”

साहेब नवऱ्याकडे वळला. मग म्हणाला, “एवढी वर्षं कारखाना सांभाळला मी. चूक झाली की प्रत्येकाला दुसऱ्याचा हात दिसतो. ‘मीच केलं’ म्हणणारे तीन-चार भेटले असतील.” घड्याळ बघितलं. “गाडीला वेळ आहे, मी चालत जातो. तुला पत्र टाकतो. शिमग्याच्या सुमारास.”

साहेब गेल्यावर नवरा माझ्यावर ओरडला नाही. ओरडला असता तर मी परत ओरडले असते आणि सगळं रीतसर झालं असतं. तो म्हणाला, “काम झालं आपलं.” मी म्हटलं, “कसलं झालं? पत्र टाकतो म्हंजे न्हाय म्हनतो, तुमाला कलत न्हाय?” तो म्हणाला, “त्याला मी ओळखतो.” आणि चिखलात उतरून विमान आणायला गेला. मी मागोमाग गुडघाभर चिखलात.

विमान धड होतं. त्याने सुकाणूवर बोट ठेवलं, ते लाकडासारखं ताठ, डोपने चुणी आतल्या आत चिकटलेली. त्याने फक्त विचारलं, “दोन्ही बाजूंनी?” मी मान हलवली. “मचव्याला देतात तसा?” मी परत मान हलवली. तेव्हा तो हसला, चक्क हसला, आणि मला जास्तच राग आला, माझा मलाच. बांधावर बसून त्याने नखाने पट्टी सोलली, खिशातून चिकटपट्टीची गुंडाळी काढली आणि माझ्यापुढे धरली. मी सुकाणू डावीकडे पुरतं वळवून, दाबून धरून, नवी पट्टी लावली. डोप नाही. चुणी नीट पडली. मग तो दोरी घेऊन धावला, आणि या वेळी दोरी सुटली तसं शेपूट एकदा हललं आणि विमान डावीकडे कललं. एक घिरटी, दुसरी, तिसरी. आमच्या डोक्यावर. पाचवी झाली तेव्हा मी बांधावरून धावायला लागले होते.

तो मागून ओरडत होता, “अगं कुठं?” मी थांबले नाही. चिखलाने माखलेले पाय, खोचलेलं लुगडं, अशी मी स्टेशनवर पोचले. रस्त्यात सगळं भाईंदर माझ्याकडे बघत असेल. साहेब फलाटावर बाकावर बसला होता. मला बघून उठलाच.

मी म्हटलं, “साहेब, फिरलं. पाच वेला फिरलं. चला, बघा.”

तो हसला. म्हणाला, “फिरणारच होतं. बाई, तुम्ही एवढ्यासाठी धावत आलात? काळजी करू नका. जागा त्याचीच आहे. पत्र फक्त रीतीसाठी. विमान बनवणारे मला मुंबईत मिळतील. मुलांसमोर ‘चूक माझी’ म्हणणारा मिळत नव्हता.”

मला वळून घरी जायचं होतं. एवढंच करायचं होतं. काम झालं होतं, नवऱ्याने सांगितलं तसंच झालं होतं. गाडी लांबून दिसायला लागली होती. पण माझ्या आत काहीतरी शिवशिवत होतं. हा माणूस माझ्या नवऱ्याला चांगला म्हणत होता, पण चुका करणारा फिटर समजत होता. वीस वेळा तपासणारा माझा नवरा, त्याच्या नावावर हा डाग कशाला? माझ्या जिभेला हाड नव्हतं आणि छातीत प्रेम उतू चाललं होतं. तिथे दुसरं काही नव्हतं, शपथेवर सांगते.

“साहेब, चूक त्यांची न्हाय,” मी म्हटलं. “हात मी लावला व्हता. ते स्टेशनवर आले व्हते तेवा. त्यांनी काल सगलं तपासलं व्हतं. त्यांचं काम चोख हाय.”

साहेबाचं हसू गेलं. एकदम नाही, हळूहळू गेलं, आणि मी ते जाताना बघत होते.

“म्हणजे तो माझ्याशी खोटं बोलला.”

“माझ्यासाठी बोलले, साहेब.”

“कळलं मला.” गाडी फलाटात शिरली. तो काहीसा दुःखानेच बोलला, रागाने नाही. “घरात हे चांगलंच आहे, बाई. पण तपासणाऱ्याच्या शब्दावर मुलं उद्या खऱ्या विमानात बसतील. त्याने कोणासाठी का होईना खोटं सांगितलं, तर मी तो शब्द कसा घेऊ?” मग डब्यात चढला. मी खिडकीपाशी गेले, काय काय बोलले ते आता आठवत नाही. तो म्हणाला, “घरी जा.” गाडी गेली.

घरी आले तर नवरा ओट्यावर विमानाचा चिखल पुसत बसला होता. “कुठं गेली व्हतीस?” म्हणाला. मी म्हटलं, “साहेबाला सांगाला, की फिरलं म्हनून. पन गाडी निघून गेलेली.” तो म्हणाला, “तुला धीर कसा तो न्हाय,” आणि मायेने बोलला.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. तो खूश होता. पहिल्यांदाच त्याला खूश बघत होते असं नाही, पण नोकरी गेल्यापासून पहिल्यांदाच. मुलांना शिकवायला म्हणून त्याने कामट्यांचे लहान-मोठे नमुने करायला घेतले. बसऱ्याच्या एजंटचा माणूस आला, त्याला म्हणाला, शिमग्यापर्यंत थांबा, पण बहुतेक मी येत न्हाय. रोज सकाळी सदरा घालून पोस्टात जायचा आणि रिकामा परत यायचा, आणि म्हणायचा, “उद्या.” मी रोज सांगायचं ठरवायचे. भात वाढताना सांगू, पाणी भरून आले की सांगू. तोंड उघडायचे आणि दुसरंच काहीतरी बोलून जायचे, भाजी महागली, शेजारणीची कोंबडी हरवली. हातांनी मात्र घर डोक्यावर घेतलं. होतं नव्हतं ते भांडं घासलं, उत्तनहून बापाचं फाटकं जाळं मागवून ते सांधलं, सांधलेलं उसवून परत सांधलं. बसले की ते फलाटावरचं हसू जाताना दिसायचं.

होळी पेटली, दुसरा दिवस उजाडला. एजंटला कळवायचा तो शेवटचा दिवस. अंगावर रंगाचे डाग घेऊन पोरं रस्त्याने ओरडत होती आणि तो सदरा घालून निघाला होता, पोस्ट बंद असेल हेही त्याच्या ध्यानात नव्हतं. दारात मी त्याचा हात धरला.

“पत्र येनार न्हाय,” मी म्हटलं.

आणि सगळं सांगितलं. स्टेशन, बाक, साहेब काय म्हणाला, मी काय म्हणाले, साहेब मग काय म्हणाला. एकही शब्द गाळला नाही. तो उंबऱ्यावर बसून ऐकत होता. मला वाटलं, खोटं का सांगितलंस विचारेल. डोप का लावलंस, तिथे गेलीस कशाला, तोंड का उघडलंस, काहीही विचारेल. मी सगळ्याची उत्तरं तयार ठेवली होती. इतक्या दिवसांत दुसरं केलं काय होतं?

त्याने विचारलं, “हे त्याच दिवशी झालं?”

“व्हय.”

“त्याच सकाळी.”

“व्हय.”

तो उठला. वहाणा घातल्या आणि एजंटच्या घराकडे वळला. चार पावलं गेला आणि थांबला, पण मागे वळला नाही. म्हणाला, “परक्या मानसाला खरं सांगाला तू चिखलातून धावत गेलीस. मला सांगाला महिना लागला तुला.”

मला त्याच्यामागे धावायचं होतं. पाय उचलला, आणि खाली ठेवला. तो कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी दारातच उभी राहिले.